पावलाची बाहेरची कड

३ मार्च

वन्सं,

नमस्कार. ‘वन्सं’ म्हटलं की तुम्ही नाक मुरडता, माहीत आहे. पण या घरात आले तेव्हा आईंनी हेच म्हणायला लावलं, आता जिभेला दुसरं वळण लागत नाही. फोनच केला असता, पण फोन आईंच्या खोलीत. झटका आल्यापासून त्यांना बोलता येत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. मी कुणाला दुखण्याचं सांगायला लागले की अशा बघतात, जणू त्यांचीच चहाडी करतेय. म्हणून पत्र.

तर माझा डावा पाय दुखतोय. टाच नाही, तळवा नाही, बाहेरची कड. घोट्याच्या खालून सुरू होतं आणि करंगळीच्या मागे येऊन बसतं. सकाळी उठल्यावर पहिली पावलं भिंत धरून टाकते. मग जरा मोकळं होतं आणि दुपारपर्यंत पुन्हा ठणकायला लागतं. जानेवारीत सुरू झालं. वाटलं चपलेचं असेल, चपला बदलल्या. मग वाटलं थंडीचं असेल, थंडी गेली. दुखणं काही जाईना. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “माझ्या कमरेपेक्षा बरं.” ह्यांच्या कमरेपुढे या घरात कुणाच्याच दुखण्याचा निभाव लागत नाही.

तुम्ही दिवसभर लोकांचे हातपाय बघता, दवाखान्याबाहेर रांग असते म्हणे. घरच्या माणसाचा एक पाय पत्रातून बघा.

आईंचं तसंच. उजवी बाजू लुळी ती लुळीच. बसून बसून वजन वाढलंय. त्यांना उठवायचं म्हणजे माझ्या नाकी नऊ येतात. मे महिन्यात तुमच्या लेकीला सुट्टी असेल ना? यायचं ठरवलंत तर मागची खोली झाडून ठेवते.

तुमची वहिनी


१२ मार्च

वहिनी,

अगं, जानेवारीपासून अंगावर काढतेस आणि मला मार्चमध्ये सांगतेस? घरात फिजिओ असल्याचा उपयोग काय मग!

आता नीट वाच. कडेचं दुखणं बहुतेक वेळा पाय मुरगळल्याने येतं. कधी कधी मुरगळलेला लक्षातही राहत नाही, आपण कामात असतो. दुसरं म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या हाडामागून स्नायूच्या दोन दोऱ्या खाली उतरतात. एकच हालचाल सारखी केली की त्या घासून सुजतात. कधी पावलाच्या मधलं एखादं छोटं हाड जागेवरून किंचित सरकतं. कधी पायाची कमान उंच असते आणि सगळं चालणं कडेवर पडतं. आणि कधी करंगळीच्या मागच्या लांब हाडाला बारीक चीर जाते, पण तुझं तसं नसावं, तू काही धावपटू नाहीस.

मला तर गुन्हेगार इथे बसून दिसतोय. तुझं ते पायाचं शिलाई मशीन! तासन्‌तास पायडल मारतेस, दुसरं काय होणार? आधी ते बंद कर.

घरचे उपाय सोपे आहेत. विश्रांती पहिली. पायावर भार टाकायचा नाही. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं धर, दिवसातून तीन-चार वेळा, उघडा बर्फ कातडीला लावू नकोस. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांध, बोटं निळी पडली तर सैल कर. झोपताना पायाखाली दोन उश्या घे, पाऊल छातीपेक्षा वर राहिलं पाहिजे. फरशीवर अनवाणी फिरू नकोस. पुढे रुंद आणि टाचेला घट्ट असा बूट घे, त्या फटफटणाऱ्या सपाता टाकून दे. दुखणं कमी झालं की व्यायाम कळवते.

मेचं बघू. लेकीचे क्लास आहेत आणि दवाखान्यात नवं यंत्र येतंय, त्याची माणसं कधी येतील सांगता येत नाही. आईला माझा गोड पापा दे.

छोटी


२ एप्रिल

वन्सं,

उपाय वाचले आणि हसू आलं, रागावू नका. पहिलाच शब्द ‘विश्रांती’. मी तो शब्द ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, “बरोबर आहे तिचं, घे ना विश्रांती,” आणि पेपर उलटला.

तरी तुमचं सगळं केलं. बर्फ लावला. बँडेज बांधलं, आधी इतकं घट्ट की बोटांना मुंग्या आल्या, मग जमलं. बूट घेतले, पुरुषांचे मिळाले, ते घालून घरात वावरते तेव्हा आई बघतच राहतात. दोन उश्यांवर पाय ठेवून आडवी झाले की त्या पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवतात. छातीपेक्षा वर ठेवलेला पाय खाली घेऊन धावायचं, एवढाच व्यायाम झाला.

मशीनसुद्धा बंद केलं. त्याचं तुम्हाला काही वाटणार नाही, म्हणून सांगते. ते मशीन म्हणजे दिवसातले माझे दोन तास होते. खिडकीशी बसायचं, कुणाची तरी पँट आखूड करायची आणि हाक आली तर “टाका अर्धा राहिलाय” म्हणून सांगता यायचं. आता त्यावर चादर टाकलीय आणि गिऱ्हाइकं समोरच्या गल्लीत जातात. दुखणं मात्र दीडपट झालंय. मशीन निर्दोष होतं, वन्सं. त्याला उगाच शिक्षा झाली.

आडपडदा न ठेवता लिहिते. मला पायावर भार टाकायचा नसेल तर आईंना दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवं. तीन आठवडे या. नाहीतर तीन आठवडे त्यांना तुमच्याकडे न्या. दीड वर्षात तुम्ही एकदाच आलात, दोन दिवस. दुसऱ्या दिवशी आईंचे कपडे बदलायचे झाले तेव्हा “वहिनी, जरा ये गं” म्हणून तुम्ही अंगणात निघून गेलात. कपडे मी बदलले. टोमणा म्हणून लिहीत नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

तीन आठवडे! दवाखाना म्हणजे काय दुकान आहे का, कुलूप लावून निघायला? माझ्या हातावर वीस माणसं अवलंबून आहेत. कुणाचा गुडघा बदललाय, कुणी काठी सोडायला शिकतंय. आणि आमच्याकडे आईला आणायचं तर तिसरा मजला, लिफ्ट कायम बंद. मलाही वाटतं गं. तुला वाटत असेल मला काहीच नाही.

एखादी बाई ठेव ना मदतीला. आणि दादाला चुकूनही उचलायला लावू नकोस. त्याच्या मणक्याची चकती सरकलेली आहे, मी स्वतः तपासलंय त्याला.

आता पायाचं. करंगळीच्या मागे पावलाच्या कडेला हाडाचा उंचवटा लागतो. त्यावर एका बोटाने दाबून बघ. सगळीकडे सारखं दुखतं का एकाच ठिकाणी कळ येते? फक्त डाव्या पायावर उभं राहता येतं का? बोटांना बधिरपणा आहे का? तोवर पोटरीचा ताण घे: भिंतीला हात टेकून डावा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, हळूहळू पुढे झुकायचं. कळ आली तर मात्र लगेच थांबायचं.

आणि आईला उचलतेस कशी, एकेक हालचाल लिहून पाठव. शिकवलंय तसंच करतेस ना?

तुझ्या त्या अंगणाच्या आठवणीबद्दल मी काही लिहीत नाही. आपण दोघी वेगळ्या स्वभावाच्या आहोत.

छोटी


२० एप्रिल

वन्सं,

बोटाने दाबून बघितलं. उंचवट्याच्या जरा पुढे, एकाच ठिकाणी, आणि डोळ्यांतून पाणी आलं. डाव्या पायावर उभं राहणं होत नाही. बधिरपणा नाही, असता तर बरं झालं असतं.

बाई ठेवली होती. धडधाकट होती, माझ्याहून तरुण. दोन दिवस आईंना उचललं आणि म्हणाली, “हे एकटीचं काम नाही, तुम्ही कसं करता?” तिसऱ्या दिवशी आली नाही.

उचलणं असं. आधी खुर्ची पलंगाला लावून ठेवते, उशाकडे. तुम्ही तेव्हा मला बजावलं होतं, “खुर्ची कायम उशाकडे, पायथ्याकडे नाही.” मी ते पाठच केलंय. मग आईंना खोलीच्या बाजूला कुशीवर वळवते, पाय खाली सोडते, खांद्याखाली हात घालून बसतं करते. पूर्वी त्या डावं कोपर टेकून निम्म्या स्वतःच उठायच्या. आता काहीच जोर देत नाहीत. मला वाटतं त्यांनी हातपाय गाळलेत. मग समोर उभी राहते, माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लावते, कमरेला धरून उभं करते आणि माझ्या डाव्या हाताला वळवून खुर्चीत सोडते. वळताना त्यांचा लुळा पाय मध्ये अडकतो. त्या क्षणी त्या सबंध माझ्यावर येतात आणि मी सबंध माझ्या डाव्या पावलाच्या कडेवर. हे दिवसातून पाच-सहा वेळा.

शिकवलंत तसंच करते. एक पाऊल इकडचं तिकडे नाही.

वहिनी


२६ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी कागदावर खोलीचं चित्र काढलं आणि डोक्याला हात लावला. अगं, तू हे काय करतेस?

मी शिकवलं तेव्हा आईची उशी दाराकडे होती. उजवी, लुळी बाजू भिंतीला आणि डावी, चांगली बाजू खोलीकडे. खुर्ची उशाकडे म्हणजे तिच्या डाव्या हाताला. माणसाला नेहमी चांगल्या बाजूने उठवायचं आणि चांगल्या बाजूलाच वळवायचं, म्हणजे ते निम्मा भार स्वतः घेतं. तू लिहितेस त्यावरून पलंग कुणीतरी फिरवलाय. उशी आता दुसऱ्या टोकाला आहे, हो ना? म्हणजे खोलीकडे तिची लुळी बाजू आली, आणि तू ‘उशाकडे, उशाकडे’ करत खुर्ची लुळ्या बाजूला लावतेस. तिने हातपाय गाळलेले नाहीत. तिचा चांगला हात भिंतीत अडकवलायस तू! अख्खं वजन उचलतेस रोज, पाय मोडणार नाही तर काय होणार?

मी हे असं शिकवलं नव्हतं. नुसतं पाठ करून चालत नाही, वहिनी, थोडं डोकंही लावावं लागतं. पलंग फिरवताना एकदा मला विचारायचं होतंस.

आजच्या आज एक्स-रे काढ. एकाच ठिकाणी कळ आणि पाय टेकवता न येणं म्हणजे हाडाला चीर असू शकते. मग घरचे उपाय पुरत नाहीत. पोटरीचा ताण बंद कर.

आणि एक राहवत नाही म्हणून लिहिते. घर दादाच्या नावावर झालं तेव्हा मी एका शब्दाने विचारलं नाही, सही करून दिली. आईला तुम्ही नीट सांभाळाल एवढीच अपेक्षा होती. ती फार होती का?

छोटी


७ मे

वन्सं,

पलंग तुम्ही फिरवलात.

डिसेंबरात फोनवर आईंशी बोलत होतात. त्या नुसत्या घशातून आवाज काढत होत्या आणि तुम्ही रडत होता. मग फोन मला द्यायला लावलात आणि म्हणालात, “वहिनी, आईला सबंध दिवस भिंत आणि खिडकी बघावी लागते. तिची उशी इकडे घे ना, तिला दार दिसू दे. येणारं माणूस दिसलं की तिला बरं वाटेल.” मला ते पटलं. तुमचं आईवर किती प्रेम आहे असं वाटून मलाही भरून आलं होतं. शेजारच्या सुताराला बोलावून दुसऱ्याच दिवशी पलंग फिरवून घेतला. जानेवारीत माझा पाय दुखायला लागला. दार दिसायला लागल्यापासून त्यातून दूधवाला, ती दोन दिवसांची बाई, हे आणि मी, एवढीच माणसं आत आली आहेत.

विचारायचं होतंस म्हणता. सांगणाऱ्या तुम्ही, शिकवणाऱ्या तुम्ही. मी आणखी कुणाला विचारायचं होतं?

एक्स-रे काढला. हाडाला चीर आहे, चांगली लांब. डॉक्टर म्हणाले, महिन्या-दीड महिन्यापूर्वी आला असतात तर साध्या पट्टीवर निभावलं असतं. आता गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे आणि पाय टेकवायचा नाही. त्याच संध्याकाळी आईंना खुर्चीत बसवायला हे पुढे झाले. माझ्या नवऱ्याला मी एवढं धीट कधी पाहिलं नव्हतं. अर्ध्यात कमरेत उसण भरली आणि दोघेही फरशीवर बसले. आईंना लागलं नाही, पण त्या पडल्या तिथून माझ्याकडे अशा बघत होत्या की मी प्लास्टरचा पाय टेकवून गेले आणि त्यांना धरलं. हे दाराला टेकून विचारत होते, “छोटीला फोन लावू का?” मी म्हटलं, लावू नका, तिला पेशंट असतील.

घराचं म्हणालात. तीन खोल्या आहेत, त्यातली माझ्या नावावर एकही नाही. सही तुम्ही ह्यांना करून दिली होती, आईंना उचलते मी. हे गणित तुम्हाला कधी खटकलं नाही.

शनिवारी सकाळी गाडी निघेल. हे सोबत येतील, पुढच्या सीटवर, कंबर सांभाळून. आईंचे कपडे, औषधं, खुर्ची सगळं बांधलंय. विचारत नाही, कळवतेय. पलंग कसा लावायचा ते तुम्हाला सांगायला नको.

वहिनी


२७ मे

वहिनी,

आई पोचली हे दादाने सांगितलंच असेल. खालच्या दुकानातल्या दोघांनी खुर्चीसकट तीन मजले वर आणली. प्रत्येक वळणावर ती डोळे मिटून घेत होती.

तू फार कठोर पत्र लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं आणि ठेवून दिलं. पलंगाचं मी म्हणाले असेन, मला आठवत नाही.

पण एक सांगते, हसलीस तरी चालेल. मी दिवसभर लोकांच्या आया उचलते. त्यांची थट्टा करते, “आजी, नाच करायचाय ना?” म्हणते, त्यांना हसवते. आईला उभं करायला गेले, तिचं तोंड माझ्या खांद्यावर आलं आणि माझे गुडघेच गेले. हिने मला चालायला शिकवलं, हिला मी कशी धरू? मी तिला तशीच पलंगावर सोडली आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. क्लास, दवाखाना, नवं यंत्र, मी तुला लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं. पण न येण्याचं खरं कारण हे होतं. तुझ्यासारखं घट्ट मन मला देवाने दिलं नाही.

नऊ दिवस ठेवलं घरी. मग दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक सेवाकेंद्र आहे, तिथे नेलं. स्वच्छ आहे. उचलायला यंत्र आहे, मुली हसऱ्या आहेत. मी रोज दुपारी जाते, कधी जमलं नाही तर एक दिवस आड. नवरा म्हणाला, हेच सगळ्यांच्या सोयीचं. मलाही पटलं.

तू पाय टेकवू नकोस. प्लास्टरमध्ये बोटं हलवत राहा.

छोटी


२४ जून

वन्सं,

उत्तराला महिना लागला. ‘मला आठवत नाही’ इथपर्यंत यायचे आणि पुढचं वाचवत नव्हतं.

घट्ट मनाचं लिहिलंत. पहिल्यांदा आईंचे खराब झालेले कपडे बदलले त्या दिवशी मी जेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवले, कारण भूक लागली होती. मन घट्ट असावं लागत नाही, दुसरं कुणी नसावं लागतं.

प्लास्टर निघालं. पोटरी काडीसारखी झाली होती. तुम्ही मागे लिहिलेला व्यायाम आता करते, भिंतीला हात टेकून, टाच चिकटवून. टॉवेल जमिनीवर पसरून बोटांनी गोळा करायचा, हा इथल्या डॉक्टरांनी सांगितला. पाय बरा आहे. बाजारापर्यंत जाऊन येते. मशीनवरची चादर काढली, तेल घातलं, दोन जुनी गिऱ्हाइकं परत आली. सबंध रात्र झोप लागते. इतकी गाढ की पहिले काही दिवस सकाळी जाग आली की भीती वाटायची, आपण काहीतरी करायचं विसरलो.

आई कशा आहेत? तुम्ही त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि स्वतःबद्दल आठ.

वहिनी


३ जुलै

वहिनी,

आई खात नाही.

आधी थोडंथोडं खायची, वाटलं जागा बदलल्यामुळे. आता पंधरा दिवस दोन-चार घासांपलीकडे पोटात काही जात नाही. मुलींनी सगळं करून बघितलं. तोंड मिटते ती उघडतच नाही. उघडलं तर घास गालात धरून ठेवते आणि मग थुंकते. काल मी भरवायला बसले, माझ्या अंगावर थुंकली. मी तिच्यावर ओरडले, वहिनी. केंद्रातल्या सगळ्यांसमोर ओरडले. त्या मुली माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्यातल्या दोघी माझ्याकडे शिकायला येतात.

गालफडं बसलीत. तिथला डॉक्टर म्हणतो नाकातून नळी घालावी लागेल. मी नाही म्हणाले, पण किती दिवस नाही म्हणणार?

ती तुझ्या हातचं खात होती. तुला तिच्या सगळ्या खोडी माहीत आहेत. तुझा पाय आता बरा झालाय, तूच लिहिलंस. मी येऊन पलंग नीट लावून देते, उचलायचा पट्टा आणून देते, त्याने भार अर्ध्यावर येतो. मागचं सगळं सोड. मी लिहिलं त्यात काही चुकलं असेल तर तेही सोड. तिला घेऊन जा. आपल्या भांडणात तिचा जीव जायला नको.

रविवारी गाडी ठरवू का? एका ओळीने कळव.

छोटी


१० जुलै

वन्सं,

रविवार निघून गेला, माफ करा. एका ओळीत कळवता येण्यासारखं नव्हतं.

पत्र आलं तेव्हा हे म्हणाले, “लिही की पाय अजून सुजतो, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलीय. कशाला वाईटपणा घेतेस?” मी कागद घेऊन बसलेसुद्धा. ‘पाय अजून’ इतकं लिहिलं आणि फाडून टाकलं. इतके महिने मी तुम्हाला दुखणं लिहीत होते आणि तुम्ही दुखण्याला उत्तरं देत होता. बर्फ किती वेळ, उश्या किती, सगळं अचूक. मला उत्तर कुणी दिलंच नाही. म्हणून आता दुखण्याच्या आड लपत नाही. पाय बरा आहे. त्या उंचवट्याच्या पुढे अंगठ्याने जोर देऊन दाबलं तरी काही होत नाही. आणि मी आईंना परत आणणार नाही.

मला त्यांचं काही वाटत नाही असं समजू नका. तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. गालफडं बसलीत हे वाचलं तेव्हा तर चपला घालून फाटकापर्यंत गेले होते. मग परत फिरले. आता नेलं तर त्यांच्या किंवा माझ्या शेवटापर्यंत मीच, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तुम्ही पट्टा आणून द्याल, दोन दिवस राहाल आणि अंगणातून निघून जाल. दीड वर्ष मी केलं ते मायेने केलं, का दुसरं कुणी नव्हतं म्हणून केलं, माझं मलाच सांगता येत नाही. पण पुन्हा केलं तर ते मायेने नसेल, आणि आईंना ते माझ्या हातातून कळेल.

त्या का खात नाहीत ते सांगते. मुली उजव्या बाजूला बसत असतील. त्या गालात घास आहे हे त्यांना समजत नाही, तो घशाकडे गेला की घाबरतात. डाव्या बाजूला बसा. चमचा अर्धाच भरा. हनुवटी थोडी खाली हवी, मान मागे टाकायची नाही. पातळ दूध देऊ नका, ठसका लागतो, त्यात बिस्किटं कुस्करून घट्ट करा. एक घास गिळून झाल्याशिवाय दुसरा नको, मग कितीही वेळ लागो. आणि काहीतरी बोलत राहा. मी गिऱ्हाइकांच्या चहाड्या सांगायची, कुणाची कंबर वाढली, कुणी माप चोरून सांगितलं. तुमच्याकडे तर वीस पेशंट आहेत. सुरुवातीला थुंकतील, तुमच्याच अंगावर थुंकतील, कारण राग तुमच्यावर आहे. ओरडा हवं तर, पण उठून जाऊ नका. बहुतेक तीन-चार दिवसांनी घेतील.

हे दिवसातून एकदा, दुपारी, जमेल तसं, असं करून चालणार नाही. तुम्हालाच बसावं लागेल, तिन्ही वेळा. दवाखाना थांबेल. लेकीचे क्लास थांबणार नाहीत, पण तुम्हाला सोडायला जाता येणार नाही. गुडघे जातील, मग परत येतील. माझे आले.

पुढच्या महिन्यात मी येईन. दोन दिवस राहीन, आईंचा हात धरून बसेन, तुमच्या हातचा चहा घेईन आणि परत निघेन.

जमेल तुम्हाला. नाहीच जमलं तर लिहा, मी उपाय कळवीन.

वहिनी